हिरव्या खुणा

आर्याला तिच्या ॲपसाठी पहिलं गिऱ्हाईक हवं होतं आणि घरात आत्मारामशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"तुला वेगळं काही करायचं नाहीये, बाबा," ती म्हणाली. "फक्त अभ्यास करायचा."

"फक्त," आत्माराम म्हणाला आणि त्याने भाकरी मोडली. भाकरी पोळीभाजी केंद्रातली होती. गेले काही महिने विरारच्या त्या घरात तीच येत होती.

त्या संध्याकाळी जेवायला आर्याच्या कॉलेजातले दोघं होते. ऋतिका आणि जेन्सन. तिघंही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फेब्रुवारीच्या शेवटी जिल्ह्यातल्या कॉलेजांची स्पर्धा होती. विद्यार्थ्यांच्या उपयोगाचं काहीतरी बनवायचं, ते खऱ्या माणसांना वापरायला द्यायचं आणि मग परीक्षकांपुढे मांडायचं. या तिघांनी अभ्यासाचं वेळापत्रक आखून देणारं वेब ॲप बनवलं होतं. त्याचं नाव 'आखणी'.

जेन्सन वसईजवळच्या पापडीचा. येताना त्याने केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणली होती. "आजी म्हणाली, दुसऱ्याच्या घरी जेवायला जातोस, हात हलवत जाऊ नको," असं सांगून त्याने ती आत्मारामच्या हातात दिली आणि मग त्यातली निम्मी स्वतःच खाल्ली.

"हे चालतं कसं?" आत्मारामने विचारलं.

आर्याने लॅपटॉप ताटाशेजारी ओढला. विषय टाकायचा, परीक्षेची तारीख टाकायची, रोज किती वेळ मिळतो ते सांगायचं. मग आखणी त्या विषयाचे तुकडे पाडणार आणि रोज एकेक वाटून देणार. झाला की खूण करायची. खूण केली की तो दिवस हिरवा. नाही केली की लाल, आणि राहिलेला तुकडा उद्याच्या डोक्यावर.

"आणि काका, ते शिकतं," ऋतिका म्हणाली. ऋतिका बोलायला पटाईत होती, परीक्षकांपुढे तीच बोलणार होती. "माणूस एका दिवसात किती वाचू शकतो ते वापरणाऱ्यांवरून ठरवतं. जो नियमित करतो त्याचा वेग बघून बाकीच्यांना वाटून देतं."

"आणि असा नियमित माणूस कोण?"

"सध्या तरी तुम्ही," जेन्सन म्हणाला. "दुसरं कोणी मिळालंच नाही."

आत्माराम हसला. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आर्या त्याच्याकडे बघत होती. तिची आई, वसुंधरा, गेल्यापासून तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. साधी चप्पलसुद्धा नाही. तो म्हणाला, "बरं. टाक माझं नाव."

आत्मारामची बी.ए.ची शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली होती. बारावी झाल्यावर तो कणकवलीहून इकडे आला आणि वसईला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला, तो तिथेच राहिला. पुढे शिकायचं मनात होतं, पण ते मनातच राहिलं. पन्नाशी जवळ आल्यावर वसुंधरानेच त्याला मुक्त विद्यापीठात घातलं. ती घरीच बिल्डिंगमधल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. "लेक पदवी घेईल त्याच्या आधी तुम्ही घ्या," ती म्हणाली होती. "नंतर तिच्यापुढे बोलायची सोय राहणार नाही तुमची."

दोन वर्षं तो पास झाला. तिसऱ्या वर्षी वसुंधरा आजारी पडली, आणि गेल्या गणपतीच्या आधी गेली. परीक्षा आता मे महिन्यात होती. पुस्तकं कपाटात होती.

पहिल्या दिवशी आखणीने त्याला इतिहासाचं पहिलं प्रकरण दिलं. कारखान्यातून आल्यावर आत्मारामने चहा घेतला, चष्मा पुसला आणि टेबलाशी बसला. पुस्तक उघडलं. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग पुन्हा पहिली वाचली. अक्षरं ओळखीची होती, पण आत काही उतरत नव्हतं. पंख्याचा आवाज, खालच्या रिक्षांचा आवाज, वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. पुस्तकातलं तेवढं ऐकू येत नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं की आपण हे पुस्तक कधी वाचलेलंच नाही. बी.ए.चं कुठलंच पुस्तक त्याने डोळ्यांनी वाचलं नव्हतं. त्याचा अभ्यास वाल सोलताना झाला होता.

वसुंधरा वाल भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायची, आणि रविवारी कोमट पाण्यात टाकून परात त्याच्यापुढे ठेवायची. डाळिंब्या सोलणं हे त्याचं काम. दाण्याला चिमटीत धरून जरा दाबलं की साल सुटतं आणि दाणा उडी मारून बाहेर येतो. हात गुंततात, डोकं मोकळं राहतं. तेवढ्यात ती समोर बसून प्रकरण मोठ्याने वाचायची. त्याला राहवायचं नाही. एखादा राजा तह मोडायचा आणि आत्माराम म्हणायचा, "हा आमच्या सुपरवायझरसारखा दिसतोय." ती पुस्तकावरून नजर न काढता म्हणायची, "हात चालवा आणि कान चालवा. तोंड नको." आठवड्याच्या इतर दिवशी मटार, लसूण, गवार, जे असेल ते. दोन वर्षांचा इतिहास आणि राज्यशास्त्र असंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं, आणि तिच्याच आवाजात बसलं होतं.

आता पुस्तक होतं आणि आवाज नव्हता.

त्याने पुस्तक मिटलं. त्या दिवशीचा चौकोन लाल झाला. दुसऱ्या दिवशीही झाला. तिसऱ्या दिवशी आर्या कॉलेजातून आली ती सॅक न काढता त्याच्या शेजारी बसली. रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "जमत नाहीये का, बाबा? राहू दे मग. मी दुसरं कोणीतरी बघते."

तिचा चेहरा तसाच होता, आईच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर होता तसा.

"कोण म्हणतं जमत नाही?" आत्माराम म्हणाला. "खूण करायची राहिली. तुझं ते बटण सापडत नव्हतं मला."

"एवढं मोठं बटण आहे, बाबा!"

"आता दाखव."

तिने दाखवलं. त्याने बोट टेकवलं. चौकोन हिरवा झाला. त्याने मागचे दोन्हीही हिरवे केले. आणि आर्या हसली. खळखळून, मान मागे टाकून, आईसारखी. त्या घरात कित्येक महिन्यांत कोणी तसं हसलं नव्हतं. वाटी धुवायला म्हणून आत्माराम स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

त्यानंतर तो रोज खूण करायला लागला. पुस्तक उघडायचा, समोर ठेवायचा, थोडा वेळ बसायचा, खूण करायचा. खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही. आपण पोरीला हसवतोय, एवढंच त्याला वाटलं. परीक्षेच्या वेळी बघू.

चौकोनांची रांग लांबत गेली, सगळी हिरवी. आर्या घरात गुणगुणायला लागली. एकदा तिने पोहे केले. ऋतिका आली की सांगायची, "काका, तुम्ही आमचे स्टार आहात. पहिल्या चित्रात तुमचीच रांग लावलीय, परीक्षकांना दाखवायला." जेन्सन मात्र कधीकधी लॅपटॉपकडे बघत कान खाजवायचा. "हे बाकीचे का गळतायत कळत नाही," तो म्हणायचा. "बारा-पंधरा जणं घेतली, चार दिवस करतात आणि सोडतात."

"आळशी आहेत," ऋतिका म्हणायची. "काकांना जमतं, नोकरी करून. त्यांना काय झालं?"

आत्माराम अशा वेळी चहा ठेवायला उठायचा.

स्पर्धेला एक आठवडा उरला होता. शनिवारी संध्याकाळी तो भाजी घेऊन जिना चढत होता. वरच्या मजल्यावरची निधी पायरीवर बसली होती. निधी दहावीला होती. तिसरीपासून ती वसुंधराकडे शिकवणीला यायची, आणि गणितात अडली की पेन्सिलीचं टोक चावायची. तिलाही आर्याने आखणी दिली होती.

"काय गं, इथे का बसलीस?"

"आई ओरडतेय," निधी म्हणाली. "काका, तुम्ही रोजचं रोज सगळं पूर्ण करता?"

आत्मारामने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आर्याताईने दाखवलं मला. तुमची सगळी हिरवी आहे. माझी चार दिवस हिरवी झाली, मग लाल, मग लालच लाल. एक दिवस राहिलं की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं येतं, मग तीन दिवसांचं. आता उघडायलाच भीती वाटते. तुम्ही नोकरी करून करता आणि मला घरी बसून होत नाही." तिने नाक पुसलं. "आईला मी सांगितलं, मी ढ आहे, मला दहावीला बसवू नको."

"असं कोणी म्हणतं का?"

"बाई असत्या तर नसतं म्हणू दिलं," निधी म्हणाली. बाई म्हणजे वसुंधरा.

आत्माराम तिथेच एका पायरीवर बसला. वसुंधराने आपल्या दारात आलेल्या कुठल्याही मुलाला कधी ढ म्हटलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला म्हणूही दिलं नव्हतं. आणि आता तिच्याच घरातून, त्याच्याच बोटाने, रोज एक खूण होत होती आणि वरच्या मजल्यावरची ही पोर स्वतःला ढ समजत होती. आळशी म्हणून गळलेले ते बारा-पंधरा जण कोण, त्याला माहीत नव्हतं. निधी मात्र समोर बसली होती.

"तू ढ नाहीस," तो म्हणाला. "ते ॲप चुकतंय. उद्या सांगतो तुला."

रविवारी सकाळी तिघं हॉलमध्ये जमले. पुढच्या शनिवारची तयारी होती. ऋतिका उभी राहून बोलायचा सराव करत होती. "आमचे पहिले वापरकर्ते श्री. आत्माराम, वय बावन्न, यांनी एकही दिवस न चुकवता..."

"ऋतिका, थांब जरा," आत्माराम म्हणाला.

तो दारात उभा होता. हातात इतिहासाचं पुस्तक होतं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि सांगून टाकलं. पुस्तकाचं एक पानही वाचलेलं नाही. सगळ्या खुणा खोट्या आहेत. पहिल्या दिवसापासून.

खालून मासेवालीची हाक आली आणि गेली.

मग जेन्सन म्हणाला, "म्हणजे आपण सगळ्यांना ज्या वेगाने वाटून देतोय..."

"तो वेग कोणाचाच नाही," आत्माराम म्हणाला. "काल निधी जिन्यात रडत होती. स्वतःला ढ म्हणत होती. म्हणून सांगितलं. नाहीतर, खरं सांगतो, नसतं सांगितलं मी."

ऋतिका खुर्चीवर बसली. "काका, एक आठवडा राहिलाय," ती म्हणाली. "आता हे मोडायचं म्हणजे... ऐका ना, परीक्षक काही तुमची तोंडी परीक्षा घेणार नाहीत. आपण शनिवार होऊ देऊ. मग दुरुस्त करू. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," आर्या म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

आत्माराम तिच्या मागे गेला. ती ओट्याला टेकून उभी होती.

"स्पर्धेचं वाटोळं केलं मी तुझ्या," तो म्हणाला.

"स्पर्धेचं नाही रे, बाबा!" ती वळली. डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "तुला माहितीय मी तुला का घेतलं? गिऱ्हाईक काय, कॉलेजात ढिगाने मिळाली असती. तू घरी आल्यावर काय करतोस मला कळायचं नाही. मी उशिरा येते, तू त्याच खुर्चीत असतोस, दिवा न लावता. विचारलं की म्हणतोस बरा आहे. म्हणून तुला घातलं त्यात. रोज संध्याकाळी लॅबमध्ये मी उघडून बघायचे. हिरवं झालं की म्हणायचे, चला, बाबा उठला. बाबा सावरतोय. म्हणून मी घरी येताना हसत यायचे."

आत्माराम तिच्या शेजारी ओट्याला टेकला.

"आणि मी," तो हळूच म्हणाला, "तू हसावीस म्हणून खूण करायचो."

आर्याने तोंडावर हात धरला. रडतेय की हसतेय ते त्याला कळेना. बहुतेक दोन्ही. मग ती म्हणाली, "काय माणसं आहोत आपण."

"तुझी आई असती तर दोघांना परात देऊन बसवलं असतं."

"परात?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं, इतके दिवस न सांगितलेलं. की त्याला वाचता येत नाही असं नाही, पण एकट्याने वाचून आत उतरत नाही. की तिची आई वाचायची आणि तो सोलायचा. आर्याने हे दर रविवारी पाहिलं होतं, पण तो अभ्यास आहे हे तिला कधी कळलं नव्हतं. तिला वाटायचं, आईला बोलायला कोणीतरी लागतं.

ती बाहेर गेली. आत्माराम आतच थांबला, पण त्या घरात आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं.

"ऋतिका, मी खोटं दाखवणार नाही," आर्या म्हणाली.

"मग काय दाखवणार? लाल रांगा?"

"हो."

"छान. परीक्षक टाळ्या वाजवतील."

"थांबा ना, मारामारी नको," जेन्सन म्हणाला. सुकेळी चावत होता, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "काकांनी खोटं का केलं? कारण आपण दोनच गोष्टी ठेवल्या. एक तर झालं म्हणा, नाहीतर लाल व्हा. तिसरं काही ठेवलंच नाही. आमच्याकडे कन्फेशनला गेलं तर फादर निदान ऐकून घेतात. आपलं ॲप डायरेक्ट पाप लिहून टाकतं आणि उद्या दुप्पट करून मागतं. असं असेल तर मीपण खोटंच बोलेन."

ऋतिकाला हसू आलं. "पापडीवाल्या, तू कधी अभ्यास केलायस का, खोटं बोलायला?"

"म्हणून तर मला कळतं."

तो आठवडा तिघांनी त्या हॉलमध्ये काढला. आत्माराम कारखान्यातून येताना कधी वडापाव, कधी भजी घेऊन यायचा. लाल रंग काढून टाकला. खुणेच्या बटणाखाली दुसरं बटण आलं, तेवढंच मोठं: 'आज नाही झालं'. ते दाबलं की राहिलेला तुकडा उद्याच्या डोक्यावर न बसता पुढच्या सगळ्या दिवसांत थोडा थोडा वाटला जायचा. आणि आर्याने आणखी एक चौकट घातली, सुरुवातीलाच विचारणारी: अभ्यास कसा करता? एकट्याने वाचून, लिहून, ऐकून, की कुणासोबत? सोबत असेल तर त्या माणसाची वेळही आखणीत यायची.

वेगाचा हिशेब पुसून पहिल्यापासून सुरू केला. आर्या गळलेल्या प्रत्येकाला फोन करून सांगत होती, "चूक आमची होती, तुमची नाही. परत करून बघाल का?" काहींनी नाही म्हटलं. काही आले.

निधीकडे आत्माराम स्वतः गेला. दारातच त्याने तिच्या आईसमोर सांगितलं की माझी हिरवी रांग खोटी होती. निधीने डोळे मोठे केले. "काका, तुम्ही कॉपी केलीत?"

"तसंच समज."

"बाईंनी उभं केलं असतं तुम्हाला कोपऱ्यात."

"केलं असतं," आत्माराम म्हणाला. मग त्याने तिला नवं बटण दाखवलं. निधीने पहिल्याच दिवशी 'आज नाही झालं' दाबून बघितलं, काही होतं का ते. काही झालं नाही. काही लाल झालं नाही, कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने भूमितीचा एक तुकडा पूर्ण केला.

शनिवारी आत्माराम सभागृहाच्या मागच्या रांगेत बसला. आधीच्या मुलांनी मोठमोठे आकडे दाखवले. आखणीची पाळी आली तेव्हा ठरल्याप्रमाणे ऋतिका पुढे झाली, पण तिने माईक आर्याच्या हातात दिला. "हे तुझं तू सांग," ती कुजबुजली. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू आलं.

आर्याने पडद्यावर वडिलांची जुनी रांग लावली. सगळी हिरवी. "ही आमच्या सगळ्यात चांगल्या वापरकर्त्याची रांग," ती म्हणाली. "ही खोटी आहे. खोटं त्यांनी केलं, पण करायला आम्ही लावलं." मग तिने सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही. आत्मारामने खाली बघितलं, मग वर बघितलं. लाज वाटत होती. पण पोरगी ताठ उभी होती आणि आवाज कापत नव्हता, ते त्याला बघायचं होतं.

एका परीक्षक बाईंनी विचारलं, "आता तुमच्याकडे आठवड्याभराचीच माहिती आहे. यावरून तुम्ही काय सिद्ध करणार?"

"सिद्ध काहीच होत नाही, मॅडम," आर्या म्हणाली. "पण आता लोक आम्हाला खरं सांगतात. आधी सांगत नव्हते."

पहिलं बक्षीस दुसऱ्यांना मिळालं, पालघरच्या मुलांना. दुसरंही गेलं. आखणीला तिसरं मिळालं. ऋतिका म्हणाली, "खोटं बोललो असतो तर पहिलं होतं," आणि जेन्सनने तिला एक सुकेळं दिलं. पण जाताना त्या परीक्षक बाई थांबल्या. वसईत त्या एक अभ्यासिका चालवत होत्या, घरी जागा नसलेल्या मुलांसाठी. "ते दुसरं बटण," त्या म्हणाल्या, "आमच्या मुलांना देऊन बघायचंय मला. सोमवारी याल का?"

"येतो," तिघं एकदम म्हणाले.

घरी परतताना आर्या वाटेत वाण्याकडे थांबली. "वाल द्या," ती म्हणाली. "कडवे. पाव किलो."

"तुला कोणी सांगितलं कडवे घ्यायचे?" आत्मारामने विचारलं.

"निधीच्या आईने."

पुढच्या गुरुवारी वाल भिजले, शुक्रवारी फडक्यात बांधले, मोड आले. रविवारी सकाळी परात टेबलावर आली. आत्मारामने बाह्या सरसावल्या. पहिला दाणा चिमटीत धरला आणि दाबला. साल हातात राहिलं, दाणा टुणकन उडून पुस्तकावर पडला. बोटं विसरली नव्हती.

समोर आर्या बसली. तिने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. ती फार वाईट वाचायची. शाळा इंग्रजी माध्यमातली. 'सार्वभौमत्व' या शब्दावर ती तीनदा अडखळली.

"सार्व-भौ-मत्व," आत्माराम म्हणाला.

"तोंड नको. हात चालव."

आत्मारामचे हात थांबले. तिने ते वाक्य कधी ऐकलं होतं, कुठे उभी राहून ऐकलं होतं, कोण जाणे. त्याने तिला विचारलं नाही. मान खाली घालून तो सोलू लागला. शब्द कानावर पडत होते. आवाज वेगळा होता, घाईचा होता, स्वल्पविरामाला न थांबणारा. आधी काहीच शिरलं नाही. मग एक वाक्य शिरलं. मग कुठलातरी मंत्री कोणाला तरी फसवून पळाला आणि आत्माराम म्हणाला, "हा आमच्या जुन्या युनियनवाल्यासारखा निघाला."

"कोण युनियनवाला?"

त्याने सांगितलं. ते सांगण्यात बराच वेळ गेला. मग वाटण कोणी करायचं यावर वाद झाला. मग निधी भूमितीचं काहीतरी विचारायला खाली आली, आणि काका खरंच अभ्यास करतात का हे बघायला थांबली, आणि तिलाही मूठभर वाल सोलायला बसवलं. परात रिकामी झाली तेव्हा प्रकरण अर्ध्यावर होतं.

"खूण कर," आर्या स्वयंपाकघरातून म्हणाली. ती कोकमं शोधत होती.

आत्मारामने हात पुसले आणि फोन उघडला. "अर्धंच झालंय."

"मग?"

त्याने चष्मा वर केला. दोन बटणं होती, सारखीच मोठी. त्याने खालचं दाबलं.

आत ओट्यावर आर्याचा फोन वाजला. तिने तो उचलून बघितला असणार, कारण डबे सरकवायचा आवाज थांबला. मग ती हसली. खळखळून, मान मागे टाकून. ते त्याला दिसलं नाही, पण आवाजावरून कळलं.

"बाबा," ती आतून ओरडली, "गूळ किती घालायचा रे?"

"आलो," आत्माराम म्हणाला आणि परात घेऊन आत गेला.